दोन होड्यांचा जलमार्ग

युरोपच्या नकाशावर नद्यांच्या ठळक निळ्या रेषांमधून काही बारीक रेषा गेलेल्या दिसतात. त्या कालव्यांच्या रेषा होत. एका नदीचे खोरे दुसऱ्या नदीच्या खोऱ्याला जोडावे आणि समुद्रापासून दूर, अगदी आत वसलेल्या गावच्या धक्क्यालाही मालाने भरलेला पडाव लागावा, या हेतूने तेथील राज्यकर्त्यांनी आणि स्थापत्यशास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या श्रम केले. कोळसा, धान्य, दगड आणि लाकूड यांची ने-आण करणे हेच या जलमार्गांचे मुख्य कार्य. परंतु कधी कधी या वाटेने असाही प्रवासी गेला, की ज्याच्याजवळ विकावयास माल नव्हता आणि ज्याला कोणतीही बाजारपेठ गाठावयाची नव्हती. श्रोतेहो, अशाच दोन प्रवाशांची आणि त्यांनी पाहिलेल्या जलमार्गाची ही हकीकत आहे.

१८७६ सालच्या ऑगस्टअखेर दोन स्कॉटिश तरुण आपापल्या होडीत बसून बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून निघाले आणि नद्या व कालवे यांच्या मार्गाने फ्रान्समध्ये, पॅरिसच्या अलीकडे असलेल्या पाँतवाज या गावापर्यंत गेले. त्यांपैकी एकाचे नाव रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. पुढे ‘ट्रेझर आयलंड’ लिहून जगभरच्या मुलांचा आवडता झालेला हा लेखक त्या वेळी अवघ्या २५ वर्षांचा होता. प्रकृतीने नाजूक, वेशाने गबाळा, वकिलीची सनद मिळालेली पण मन वकिलीत नाही, अशी त्याची स्थिती. या प्रवासाचे वर्णन त्याने लिहिले आणि १८७८ मध्ये ते ‘अ‍ॅन इनलँड व्हॉयेज’ या नावाने प्रसिद्ध झाले. ते त्याचे पहिले पुस्तक. त्यात ना साहस मोठे, ना शोध मोठा. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने ते आवर्जून वाचावे असे आहे. कारण १८७० च्या युद्धाच्या जखमा अजून ओल्या आणि १९१४ चे युद्ध अद्याप दूर, अशा मधल्या शांततेच्या काळातील एका प्रदेशाचे चित्र त्यात नकळत उतरले आहे.

आपल्याकडे शरद ऋतू म्हटला की निवळलेले पाणी, निरभ्र आकाश आणि कोजागरीचे चांदणे डोळ्यांपुढे येते. उत्तर फ्रान्सचा शरद निराळा. तेथे याच सुमारास पावसाची झड लागते, सकाळी नदीवर धुके बसते, पॉप्लरची पाने पिवळी पडू लागतात आणि पाण्याचा रंग मातकट होतो. त्या वर्षी पाऊस विशेषच पडला. या दोघांच्या प्रवासाचे कितीतरी दिवस भिजण्यात आणि कपडे वाळविण्यात गेले.

प्रवासाचे वर्णन करण्यापूर्वी या जलमार्गांच्या मुळाशी असलेली एक युक्ती समजून घेतली पाहिजे. जमीन चढते आणि उतरते. कालव्याचे पाणी मात्र सपाट राहिले पाहिजे. मग पडावाने टेकाड चढावे कसे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे इंग्रजीत ज्याला लॉक म्हणतात तो जलपाश. कालव्यात दगडी भिंतींचा एक लांबट हौद बांधावयाचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना दरवाजे बसवावयाचे. पडाव खालच्या बाजूने हौदात शिरला की मागचा दरवाजा बंद करतात. वरच्या दरवाजातील झडपा उघडून पाणी आत घेतात. हौद भरत जातो तसा पडाव हळूहळू उचलला जातो. आणि पाण्याची पातळी वरच्या कालव्याशी सारखी झाली म्हणजे पुढचा दरवाजा उघडतात. उतरताना हीच कृती उलट. यंत्र नाही, इंधन नाही. पाण्याचे वजन हेच सारे बळ.

चीनमध्ये इ. स. ९८४ च्या सुमारास अशी रचना झाल्याची नोंद आहे. युरोपात ती पंधराव्या शतकात चांगली रूढ झाली आणि दोन झापांचे, प्रवाहाच्या उलट दिशेने टोक करून मिटणारे दरवाजे मिलानमध्ये लेओनार्दो दा व्हिंचीच्या हातून सुधारले गेले, असे मानतात. असे दरवाजे पाण्याच्या दाबानेच अधिक घट्ट बसतात. फ्रान्समध्ये १६४२ साली पुरा झालेला ब्रिआर कालवा जलपाशांच्या पायऱ्यांनी एका खोऱ्यातून डोंगरमाथा ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात उतरला, आणि तेव्हापासून त्या देशात कालव्यांचे जाळे वाढत गेले. ही रचना आपल्या देशातही अपरिचित नाही. गोदावरीवर धवळेश्वरम येथे आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात जो बंधारा बांधला, त्याच्या कालव्यांवर नावा नेण्यासाठी असेच जलपाश ठेवले होते.

आता ते दोन प्रवासी. स्टीव्हन्सनचा सोबती सर वॉल्टर सिम्प्सन हा सर जेम्स सिम्प्सन यांचा पुत्र. प्रसूतीच्या वेदना कमी करण्यासाठी १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा उपयोग ज्यांनी प्रथम केला, तेच हे विख्यात वैद्य. दोघांच्या होड्या निमुळत्या, वरून आच्छादलेल्या, मधल्या खळग्यात एकाच माणसाने पाय लांबवून बसावयाच्या आणि दुपाती वल्ह्याने हाकावयाच्या. वारा अनुकूल असेल तर लहानसे शीडही उभारता येई. स्टीव्हन्सनची होडी देवदाराच्या जातीच्या लाकडाची, तिचे नाव ‘अ‍ॅरेथुसा’. सिम्प्सनची ओक लाकडाची, तिचे नाव ‘सिगारेट’. प्रवासवर्णनात या दोघांची नावे सहसा येत नाहीत. होडीच्या नावानेच माणसाचा उल्लेख केलेला आहे.

अशा होडीतून परमुलखात हिंडण्याची हौस इंग्लंडात नुकतीच उपजली होती. जॉन मॅक्‌ग्रेगर नावाच्या स्कॉटिश बॅरिस्टराने १८६५ साली ‘रॉब रॉय’ या होडीतून युरोपातील नद्यांचा प्रवास केला आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी लंडनजवळ अशा होड्यांचा क्लबही निघाला. रेल्वेने माणसाला वेग दिला होता. त्या वेगाला कंटाळलेल्या सुखवस्तू तरुणांना आता मंदगतीचे आकर्षण वाटू लागले होते. कालवे मालवाहू पडावांसाठी बांधले गेले खरे, पण जलपाशाचा रखवालदार तीनशे टनांच्या पडावाला जसा दरवाजा उघडी, तसाच तो या नखाएवढ्या होड्यांनाही उघडू लागला.

अँटवर्पहून निघालेल्या होड्या शेल्ट आणि रूपेल या नद्यांतून बोम गावी आल्या आणि तेथून विलेब्रुकच्या कालव्यात शिरल्या. हा कालवा १५६१ मध्ये खुला झालेला, म्हणजे युरोपातील जुन्यांपैकी एक. त्यात पडावांच्या लांबलचक माळा ओढणारी वाफेची बोट चाले. कालव्याच्या तळाशी एक साखळी टाकलेली असे. ती बोट पुढच्या अंगाने साखळी उचलून गिळी आणि मागच्या अंगाने पुन्हा पाण्यात सोडी, आणि अशा रीतीने स्वतःला व मागच्या माळेला पुढे ओढून नेई. ब्रुसेल्समध्ये नौकाक्रीडेच्या मंडळातील तरुणांनी पाहुण्यांचे इतके अगत्य केले, की वल्हवण्याच्या शास्त्रावरील त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देता देता दोघे टेकीला आले. पुढे ब्रुसेल्स ते शार्लरवा या मार्गात ५५ जलपाश असल्याचे कळले. प्रत्येक ठिकाणी होडी उचलून न्यावी किंवा खोळंबून राहावे, हे दोन्ही त्यांना परवडणारे नव्हते. तेव्हा होड्या आगगाडीत चढवून ते फ्रान्सच्या सरहद्दीवरील मोबज या गावी उतरले.

मोबज हा तटबंदीचा गाव. फ्रान्सने १८७० च्या युद्धात प्रशियाकडून सपाटून मार खाल्ला होता आणि आल्सास व लोरेन हे प्रांत गमावले होते. त्यामुळे सरहद्दीवर प्रत्येक परका माणूस संशयाचा धनी होई. आगगाडीत इतर प्रवाशांना कोणी हटकले नाही. गबाळ्या वेशातील स्टीव्हन्सनला मात्र कागदपत्रे विचारली गेली. मोबजमध्ये सिम्प्सनवर किल्ल्याचे चित्र काढीत असल्याचा आळ आला. स्टीव्हन्सन यावर मिश्किलपणे लिहितो, की चित्र काढणे सिम्प्सनच्या आवाक्यातलेच नव्हते. शिवाय या देशांजवळ एकमेकांच्या किल्ल्यांचे नकाशे आधीच असणार, मग ही खबरदारी कोणासाठी? त्या विनोदात पुढे येणाऱ्या काळाची चाहूल आहे. १९१४ च्या सप्टेंबरमध्ये हाच मोबजचा दुर्ग जर्मन तोफांपुढे पडला आणि चाळीस हजारांहून अधिक फ्रेंच सैनिक कैद झाले.

मोबजपासून होड्या सांब्र नदीत उतरल्या. या नदीला बंधारे घालून आणि जलपाश बसवून पडावांच्या सोयीची केलेली होती. एका बाजूस मोर्मालचे विस्तीर्ण अरण्य, दुसऱ्या बाजूस कुरणे. संध्याकाळी मुक्कामाची सोय दिसेना म्हणून दोघे होड्या ठेवून, पाठीवर पिशव्या टाकून, पावसात चिखल तुडवीत पाँ-स्युर-सांब्र या गावी गेले. पिशव्या पाहून गावकऱ्यांनी त्यांना फेरीवाले ठरविले. पहिल्या दारी जागा मिळाली नाही. दुसऱ्या ठिकाणी मिळाली ती फेरीवाल्यांच्याच पंक्तीत. तेथे एका खऱ्या फिरत्या व्यापाऱ्याचे कुटुंब उतरले होते, आणि त्याची गाडी व मालाचे गाठोडे यांपुढे हे दोघे अगदीच दरिद्री दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना देखण्या होड्यांत बसताना पाहून त्याच गावकऱ्यांचे डोळे विस्फारले. माणसाची पारख किती वरवरची असते, आणि गरिबाच्या पंगतीत बसल्यावर जग कसे निराळे दिसते, हे सुखवस्तू घरातील त्या तरुणाला येथे प्रथम उमगले असावे.

नंतरचा मुक्काम लांद्रसी. आपल्या शाळांतील इतिहासाच्या पुस्तकांत ज्याचे नाव हमखास येते, तो पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याच गावी १६९७ साली जन्मला. हिंदुस्थानात फ्रेंच साम्राज्य स्थापण्याची स्वप्ने पाहणारा हा पुरुष १७५४ मध्ये परत बोलावला गेला आणि १७६३ मध्ये पॅरिसला विपन्नावस्थेत वारला. लांद्रसीत पाऊस इतका कोसळत होता की दोघा प्रवाशांना पुढे जाता येईना. गावात पाहावे असे तट, खंदक आणि बराकी यांखेरीज काही नव्हते. गावच्या न्यायाधीशाने त्यांना घरी बोलावून चांगले आतिथ्य केले. रात्री मात्र शिपायांची गस्त आणि नगाऱ्यांचा आवाज अंधारातून घुमत राहिला. नगाऱ्याचे कातडे गाढवाचे असते, या समजुतीवर स्टीव्हन्सनने येथे चिंतन केले आहे : जन्मभर मार खाल्लेल्या त्या मुक्या जनावरावर मेल्यानंतरही टिपऱ्या पडतात आणि त्या आवाजाने माणसे मरावयास निघतात.

लांद्रसीपासून सांब्र आणि वाझ या नद्यांना जोडणारा कालवा सुरू होतो. लांबी सुमारे ७० किलोमीटर, जलपाश ३८, वाहतुकीस खुला झाला १८३९ मध्ये. त्यांतले तीन जलपाश चढणीचे. बाकीचे ३५ पडावाला पायरी पायरीने वाझच्या खोऱ्यात उतरवितात. ओर्स, कातियों, एत्र ही त्याच्या काठची लहान गावे. त्या काळी पडाव घोड्यांनी ओढले जात. काठच्या पायवाटेने घोडा चाले, मागे लांब दोर, आणि दोराच्या टोकाला ते तरंगते घर. पडाववाल्याचे सारे कुटुंब त्यावर राही. खिडकीत फुलझाडांच्या कुंड्या, पिंजऱ्यात पक्षी, चुलीचा धूर वर जात असलेला. कोणत्याही देशात असला तरी आपल्याच घरात असलेला हा माणूस स्टीव्हन्सनला जगातील सर्वांत सुखी प्राणी वाटला. त्या मोहात पडून पुढे त्याने आणि त्याच्या मित्रांनी खरोखरच एक पडाव विकत घेतला आणि ‘कलोनच्या अकरा हजार कुमारिका’ असे भव्य नाव त्याला दिले. सेंट अर्सुलाच्या ख्रिस्ती आख्यायिकेवरून घेतलेले ते नाव. पण पैसा सरला, दुरुस्ती अर्धवट राहिली, पडाव धक्क्यालाच कुजू लागला आणि अखेर विकला गेला. त्याच्याबरोबर ‘अ‍ॅरेथुसा’ आणि ‘सिगारेट’ याही विकल्या गेल्या, आणि फ्रेंच निशाणाखाली नव्या नावांनी तरंगू लागल्या.

एत्रपाशी होड्या एका खेडुताच्या गाडीवर घालून ते वादँकूर गावी गेले आणि कालवा सोडून वाझ नदीत उतरले. कालव्याच्या शिस्तशीर पाण्यानंतर पुराने फुगलेली नदी म्हणजे मोकाट सुटलेले जनावरच. प्रवाह वळणावळणाने धावत होता. काठची लव्हाळी थरथरत होती. होडी वल्हवावी लागत नव्हती, सांभाळावी लागत होती. एके ठिकाणी वाऱ्याने उन्मळलेले झाड पात्रात आडवे पडले होते. खोडाखालून वाकून निसटण्याचा प्रयत्न स्टीव्हन्सनला साधला नाही. होडी त्याच्याखालून निघून गेली आणि तो खोडाला लोंबकळत राहिला. पाण्याची ओढ पाय खेचीत होती. सिम्प्सन मदतीस थांबला; पण तोवर कोपरे खोडावर टेकलेल्या स्टीव्हन्सनने त्याला वाहत चाललेल्या होडीच्या मागे पाठविले आणि स्वतः सावकाश खोडावर चढून काठ गाठला. इतक्या धडपडीतही त्याने हातचे वल्हे सोडले नव्हते. त्याचा त्याला पुढे मोठा अभिमान वाटे.

ओरिन्यी गावी एक रविवार विसावा घेऊन ते ला फेर येथे पोहोचले. १८७० च्या युद्धात प्रशियन तोफखान्याने झोडपलेले हे गाव त्या दिवसांत लष्करी कवायतीसाठी आलेल्या राखीव दलाच्या शिपायांनी गजबजले होते. भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या या दोघांना पाहून एका मोठ्या खाणावळीच्या मालकिणीने दारातूनच हाकलून दिले. अंधारात, पावसात फिरता फिरता अखेर एका साध्या खाणावळवाल्याने त्यांना घरात घेतले आणि मायेने जेवू घातले. स्टीव्हन्सनचा राग आणि त्याची कृतज्ञता, दोन्ही त्या प्रकरणात धगधगताना दिसतात. ज्याला कधी कोणी दारातून हाकलले नाही, त्याला आदरातिथ्याची किंमत काय कळणार, असा त्याचा रोख आहे.

पुढे खोरे रुंदावते. शोनीनंतर नोयों. जेथे ७६८ मध्ये शार्लमान्यचा राज्याभिषेक झाला आणि जेथे १५०९ मध्ये धर्मसुधारक कॅल्व्हिन जन्मला, ते हे गाव. स्टीव्हन्सन कडक प्रॉटेस्टंट घरातील. तरीही नोयोंच्या जुन्या कॅथीड्रलने त्याला भारावून टाकले. कॅथीड्रलइतकी प्रेरणा माणसाला दुसऱ्या कोणत्याही गोष्टीतून मिळालेली नाही, असे तो मानतो. काँपिएन्य येथे नगरभवनाच्या घड्याळावर तासाचे ठोके देणारे तीन लाकडी शिपाई पाहून तो लहान मुलासारखा रमला. आणि त्याच गावात खऱ्या शिपायांची पलटण कवायतीला निघालेलीही त्याने पाहिली. येथे घरची पत्रे मिळाली आणि प्रवासाचे मन उडाले. खालची वाझ मोठी, सरळ आणि शांत. वल्ह्याची लय तेवढी चालू, विचार जवळजवळ थांबलेले. पाँतवाज येथे सप्टेंबरमध्ये होड्या पाण्याबाहेर काढल्या आणि प्रवास संपला.

या साऱ्या प्रवासात विशेष असे काय घडले? एक होडी उलटली, दोनदा अपमान झाला, अनेकदा कपडे भिजले. परंतु आता त्याच मार्गाचे दुसरे रूप पाहिले म्हणजे या किरकोळ घटनांचे मोल ध्यानात येते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमवर चालून आलेल्या जर्मन सैन्यापुढे ब्रिटिश फौज माघार घेत सांब्रच्या काठाने निघाली. २५ तारखेच्या रात्री लांद्रसीच्या रस्त्यांवर चकमक झाली. ज्या गावात रात्रीचा नगारा ऐकून एका तरुणाला मरणाचे विचार सुचले होते, तेथे आता खरोखरच मरण आले. २७ तारखेला एत्रपाशी, जेथे होड्या खेडुताच्या गाडीवर चढल्या होत्या तेथे, रॉयल मन्स्टर फ्यूझिलियर्स या आयरिश पलटणीने पिछाडी सांभाळली. चहूबाजूंनी वेढली जाऊनही ती दिवसभर लढली आणि तिच्या त्यागामुळे मुख्य फौज सुखरूप निसटली. २९ तारखेला वाझच्या काठी गीझची लढाई पेटली. पुढे आघाडी स्थिरावली तेव्हा नोयों जर्मनांच्या ताब्यात होते. पॅरिसला इतक्या जवळ शत्रू बसला आहे, याची आठवण क्लेमांसो आपल्या वृत्तपत्रातून फ्रेंच वाचकांना वारंवार करून देत असे. १९१७ च्या आरंभी जर्मन सैन्य स्वेच्छेने मागे सरले तेव्हा सोडलेला मुलूख त्याने उजाड केला. फळबागा तोडल्या, विहिरी निकामी केल्या, शोनीसारखी गावे पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केली. नोयोंचे कॅथीड्रल १९१८ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

आणि मग ४ नोव्हेंबर १९१८ चा दिवस उजाडला. ऋतू पुन्हा शरदच होता. सांब्र-वाझ कालव्याच्या पूर्वेस जर्मन, पश्चिमेस ब्रिटिश. पूल उडविलेले, मधले पाणी काही फार रुंद नव्हते, पण यंत्रतोफांच्या माऱ्यात तेच समुद्राएवढे झाले. पहाटे पावणेसहाला, दाट धुक्यात हल्ला सुरू झाला. लांद्रसीपाशी शिपाई तराफ्यांवरून पार झाले. कातियोंच्या दक्षिणेकडे, युद्धेतिहासात ‘लॉक नंबर एक’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या जलपाशावर निराळी योजना होती. जलपाश ही कालव्याची सर्वांत अरुंद जागा. सुमारे पाच मीटर रुंदीच्या त्या हौदावर आखूड पूल टाकता येतो. पडावाला उचलून वर नेण्यासाठी बांधलेला हौद आता हल्ल्याची वाट ठरला. तेथे रक्त सांडून का होईना, पूल पडला. ओर्सपाशी मात्र तरंगता पूल जोडता जोडता माणसे धडाधड पडली आणि त्या ठिकाणचा प्रयत्न फसला.

ओर्स येथे पडलेल्यांत लेफ्टनंट विल्फ्रेड ओवेन हा एक होता. युद्धाची भीषणता आणि त्यातील करुणा इंग्रजी काव्यात ज्याने अमर केली, तोच हा कवी. त्याचे वय त्या दिवशी २५ होते. बेचाळीस वर्षांपूर्वी त्याच पाण्यावरून हसतखेळत गेलेल्या स्टीव्हन्सनचे वयही २५ च होते. ओवेन मरण पावल्यानंतर सातव्या दिवशी, काँपिएन्यजवळच्या अरण्यात, रेल्वेच्या एका डब्यात शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. इंग्लंडात श्रूजबरी येथे विजयाच्या घंटा वाजत असतानाच ओवेनच्या घरी त्याच्या मृत्यूची तार पोहोचली. ओर्सच्या गावठाणातील लहान दफनभूमीत तो चिरविश्रांती घेत आहे. आणि ज्या वनरक्षकाच्या घराच्या तळघरातून त्याने आईला शेवटचे पत्र लिहिले, ते घर २०११ पासून त्याचे स्मारक म्हणून जतन केलेले आहे.

या प्रदेशाच्या नशिबी तेवढ्याने सुटका नव्हती. १७ मे १९४० रोजी रोमेलचे रणगाडे लांद्रसीवरून पुढे गेले आणि २२ जून रोजी काँपिएन्यच्या त्याच अरण्यात, त्याच डब्यात फ्रान्सला शरणागतीच्या करारावर सही करावी लागली. जलमार्गाचे स्वरूपही बदलत गेले. १८७९ साली मंत्री फ्रेयसिने यांनी जलपाशांचे माप सुमारे ३९ मीटर लांब व ५.२० मीटर रुंद असे ठरवून दिले होते. त्या काळी ते पुरेसे मोठे होते. विसाव्या शतकात ट्रक आणि रेल्वे यांच्यापुढे ते तोकडे पडले. मालाचे पडाव कमी कमी होत गेले. २००६ मध्ये वादँकूर आणि माकिन्यी येथील जलसेतू कमकुवत झाल्यामुळे सांब्र-वाझ कालवा मधोमध तुटला. ज्या वादँकूरला स्टीव्हन्सन कालवा सोडून नदीत उतरला, तेथेच कालवा नदीला ओलांडतो. आणि तीच जागा निकामी झाली. व्यापाराच्या हिशेबाने पाहिले असते तर तो कालवा कायमचा मिटविणेच सोयीचे होते. पण काठच्या गावांनी आणि नौकाविहार करणाऱ्यांनी आग्रह सोडला नाही. जलसेतूंचे काम झाले आणि २०२१ मध्ये मार्ग पुन्हा खुला झाला. दरम्यान मोठ्या मालवाहतुकीसाठी काँपिएन्यपासून उत्तरेकडे १०७ किलोमीटरचा, ४४०० टनांपर्यंतच्या जहाजांना पुरेल असा निराळाच कालवा बांधण्याचे काम फ्रान्सने हाती घेतले आहे. जुना कालवा आता मुख्यतः खासगी होड्यांचा झाला आहे.

म्हणजे ज्यांच्याजवळ विकावयास काही नव्हते अशांनीच अखेर हा मार्ग राखला. निरुद्योगी माणसाच्या भटकण्याचा समाजाला काय उपयोग, असा प्रश्न स्टीव्हन्सनला त्याच्या काळी अनेकांनी विचारला असेल. त्याचे एक उत्तर त्याचे पुस्तक आहे : तटबंदीची गावे, नगारे, राखीव शिपाई, परक्याविषयीचा संशय, आणि त्याबरोबरच अनोळखी माणसाला जेवू घालणारा खाणावळवाला, सारे त्याने एकत्र पाहिले आणि जसेच्या तसे नोंदविले. युद्ध त्या काठावर एका रात्रीत उतरले नव्हते. त्याची सामग्री शांततेच्या दिवसांतच रचली जात होती, हे आज ती पाने वाचणाऱ्याला स्पष्ट दिसते. तसेच शांतता ही काही पोकळ गोष्ट नसून रखवालदाराने दरवाजा उघडणे, गावकऱ्याने वाट दाखविणे, न्यायाधीशाने पाहुण्याला घरी बोलाविणे अशा हजारो साध्या वागणुकींनी ती बनलेली असते, हेही दिसते.

श्रोतेहो, कातियोंच्या दक्षिणेकडील त्या जलपाशातून आता पुन्हा होड्या जातात. शरदातील धुके निवळले की दरवाजा मिटतो, झडपा उघडतात आणि हौदातील पाण्याबरोबर होडी सावकाश खाली उतरते. ज्या दगडी भिंतींवर १९१८ साली पूल टाकला गेला, त्या भिंतींना हात टेकून प्रवासी आपला दोर सांभाळीत बसतो. त्या भिंतींवर हात टेकून निर्धास्त बसता येणे ही गोष्ट आज अगदी साधी वाटते. ४ नोव्हेंबरच्या त्या पहाटे तिच्यासाठी माणसांनी प्राण मोजले होते.